कोकण-मुंबईच्या दमट घरात आर्द्रता वर्षभर आटोक्यात कशी ठेवायची?

पावसाळ्यात कपाट उघडलं की कुबट वास, लेदरच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, भिंतीला पोपडे, आणि चार्जर लावला की फोन म्हणतो "पोर्टमध्ये ओलावा आहे". समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे नवीन नाही. पण प्रश्न फक्त वस्तूंचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दमा आणि श्वसनाच्या तक्रारींचा ओलीशी संबंध त्यात स्पष्ट मांडला आहे. घरात लहान मूल किंवा दम्याचा पेशंट असेल, तर हा विषय थेट तब्येतीचा आहे.

चला तर मग, सोप्या भाषेत समजून घेऊ.

फोनवरचा आकडा घरातला नसतो

हवामान ॲप जी आर्द्रता दाखवतं ती बाहेरची. प्ले स्टोअरवरची बरीच "हायग्रोमीटर" ॲप्सही तोच आकडा दाखवतात, कारण बहुतेक फोनमध्ये आर्द्रतेचा सेन्सरच नसतो. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ मध्ये तो होता, पण पुढे ही पद्धत रुळली नाही. म्हणून काही शे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि बेडरूममध्ये ठेवा, पण खिडकी, एसी आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब.

तो बरोबर दाखवतो का, हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून चिखलासारखं करा. झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात ८-१० तास ठेवा. आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. ८० आला तर मीटर ५ जास्त दाखवतोय, तेवढे वजा करत चला.

किती आर्द्रता हवी?

अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमलं तर ३० ते ५० ठेवायला सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात ५० गाठणं खर्चाचं काम आहे. ५५ ते ६० वर समाधान माना.

टक्केवारी नको, दवबिंदू बघा

जुलैमधली सकाळ: २६ अंश, आर्द्रता ९५ टक्के. त्याच दिवशी दुपारी: ३१ अंश, ७५ टक्के. हवेत पाणी जास्त कधी? उत्तर आहे दुपारी! गरम हवेत पाण्याची वाफ जास्त मावते, त्यामुळे पाणी वाढूनही टक्केवारी खाली दिसते.

खरा आकडा म्हणजे दवबिंदू, ॲपमधला "ड्यू पॉइंट". हवा ज्या तापमानाला थंड झाली की पाणी सुटायला लागतं, ते तापमान. घरातला दवबिंदू काढायची युक्ती: आर्द्रता १०० पेक्षा जितकी कमी, त्याला ५ ने भागा आणि उत्तर तापमानातून वजा करा. घरात ३० अंश आणि ७० टक्के असेल, तर ३० वजा ६ म्हणजे २४. आर्द्रता ५० च्या वर असताना हा हिशेब चांगला जमतो.

आता नियम सोपा: बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तर खिडकी उघडल्याने घर कोरडं होतं. जास्त असेल तर बाहेरचं पाणी आत येतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. खिडकी आणि पंख्याने घर जास्तीत जास्त बाहेरच्याइतकंच कोरडं होतं. त्याच्या खाली जायचं तर मशीन लागतं.

घरातलं पाणी आधी कमी करा

मशीनमधून काढलेले एका धुण्याचे कपडे खोलीत वाळत घातले तर दोनेक लिटर पाणी हवेत जाऊ शकतं. म्हणून कपडे एकाच खोलीत वाळत घाला, तिचं दार बंद, खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू. अंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. छत गळत असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर मशीन फुकट चालेल.

एसी की डीह्युमिडिफायर?

एसी हवेतलं पाणी काढतोच. पावसाळी रात्री "ड्राय" मोड लावा, थंडावा कमी आणि पाणी काढणं चालू. फॅनची सेटिंग "ऑटो" ठेवा, कारण कॉम्प्रेसर बंद असताना पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत येतं.

तापमान फार खाली नेऊ नका. बाहेरचा दवबिंदू २६ आणि तुमची खोली २२ अंशांवर असेल, तर भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, शेजारच्या बिगर-एसी खोलीत, ओल धरू शकते.

डीह्युमिडिफायर खोली थंड करत नाही, उलट थोडी गरम करतो. दारं-खिडक्या बंद ठेवूनच वापरा. ३०० वॅटचं मशीन ८ तास चाललं तर २.४ युनिट वीज. ऑनलाइन मिळणारी छोटी "पेल्टियर" मशीन्स दिवसाला काही शे मिलिलिटरच पाणी काढतात. ती कपाटापुरती ठीक, खोलीसाठी नाही.

कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. डब्यात ४० ते ५० टक्के पुरे. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायची वेळ झाली. त्यात कोबाल्ट असतं, मुलांपासून लांब ठेवा. नारिंगी दाणे त्यापेक्षा बरे.

वर्षाचं वेळापत्रक

- मार्च ते मे: दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, सोबत पाणी आणतो. एसी लावणार असाल तर त्याआधीच खिडक्या बंद करा. एसी नसेल तर वारा येऊ द्या, तो अंगाला हवाच.
- जून ते सप्टेंबर: रोज मीटर बघा. एक खोली कोरडी ठेवा आणि कागदपत्रं, इलेक्ट्रॉनिक्स, गाद्या तिथे हलवा.
- ऑक्टोबर: ऊन आलं की कपाटं रिकामी करून सगळं उन्हात घाला.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: जमिनीकडून येणारा वारा कोरडा असतो. खिडक्या उघडा. भिंती वाळल्यावर वॉटरप्रूफिंग आणि रंग याच दिवसांत उरका.

सगळं घर कोरडं करायचा खर्च परवडत नसेल, तर सुरुवात झोपायच्या खोलीपासून करा. दिवसातले सात-आठ तास आपण तिथलीच हवा घेतो.