दोन तक्ते आणि हरवलेले मेगाबाइट

चंडीगडमध्ये पत्ता सांगताना रस्त्याचे नाव लागत नाही. सेक्टर आणि घर क्रमांक पुरतो. मी सध्या राहतो ते मुल्लानपूर मात्र या सेक्टरांच्या बाहेर, पंजाबच्या हद्दीत आहे. मूळ शहर ५ लाख वस्तीसाठी आखले होते. २०११ च्या जनगणनेत ती साडेदहा लाखांवर गेली, आणि आता आमच्या बाजूला ‘न्यू चंडीगड’ उभे राहत आहे. आखलेली जागा अपुरी पडल्याचे एक जुने प्रकरण मला इथे वारंवार आठवते. त्यातही सेक्टरच होते, पण हार्ड डिस्कवरचे.

१९९६ साली महाराष्ट्रातील एका तालुका कार्यालयात जुन्या संगणकाला ८५० मेगाबाइटची नवी डिस्क बसविली. संगणकाने ती ५०४ मेगाबाइटचीच दाखविली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला: साठा नोंदवहीत ८५०, प्रत्यक्षात ५०४, सबब फरकाची वसुली का करू नये? खुलासा भांडार सांभाळणाऱ्या लिपिकाकडे मागितला गेला. गृहस्थ निवृत्तीला आलेले. पेन्शन अडकेल या धास्तीने रोज माझ्या टेबलाशी येत. शेवटी खुलासा मीच लिहावयास घेतला.

डिस्कवरील प्रत्येक जागेला तेव्हा तीन आकड्यांचा पत्ता असे: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. संगणक सुरू होताच जागा होणारा बायॉस हा प्रोग्रॅम हा पत्ता आपल्या तक्त्यात लिहून डिस्ककडे पाठवी. त्या तक्त्यात १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर मावत. (६४ का नाहीत? चंडीगडप्रमाणेच येथेही सेक्टर एकपासून मोजतात, शून्य वाया जातो.) डिस्क जोडणाऱ्या आयडीई पद्धतीचा तक्ता वेगळा होता: ६५,५३६ सिलिंडर, पण हेड केवळ १६, आणि सेक्टर २५५. पहिल्या तक्त्यात सुमारे ८.४ गिगाबाइट बसतात, दुसऱ्यात १३७. कोणताही एक तक्ता पाळला असता तर आमची डिस्क आरामात मावली असती. परंतु पत्ता दोन्ही टेबलांवरून जात असल्याने प्रत्येक रकान्यातील लहान आकडाच चाले. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३, प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा: एकूण ५२,८४,८२,३०४ बाइट. हेच ते ५०४ मेगाबाइट. दोन खात्यांना भरपूर अधिकार असूनही संयुक्त प्रस्ताव का अडतो, हे मला सचिवालयापेक्षा या गुणाकाराने अधिक नीट समजावले.

पुढील बायॉसनी यावर एक सोयीस्कर असत्य शोधले. सिलिंडर निम्मे सांगायचे, हेड दुप्पट, आणि वाटेत हिशेब बदलून घ्यायचा. नंतर तीन आकड्यांऐवजी एकच अनुक्रमांक आला, पण २८ बिटांचा. त्यामुळे १३७ गिगाबाइटवर पुन्हा भिंत. ही भिंत अधिक घातक होती. काही जुन्या प्रणालींत तिच्यापलीकडे लिहिलेला मजकूर गुंडाळून डिस्कच्या आरंभी जाऊन बसे आणि तेथील नोंदी पुसून टाकी. विंडोज एक्सपीला ४८ बिटांचा क्रमांक २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये मिळाला. डिस्कचे विभाग नोंदविणारा जुना तक्ता ३२ बिटांचा, म्हणून तो दोन टेराबाइटवर थांबला.

आमचा खुलासा गुणाकारासह गेला. त्यावर उत्तर आले की, उर्वरित ३४६ मेगाबाइट ‘प्रत्यक्ष दाखवावेत’. (त्यातील काही तर कारखानदाराच्या दशलक्षाच्या मेगाबाइटमुळे मुळातच नव्हते, ते लिहिण्याचा मोह मी आवरला.) लिपिक निवृत्त झाले तेव्हा आक्षेप प्रलंबितच होता. त्यांची पेन्शन तात्पुरती मंजूर करून घ्यावी लागली. आक्षेप वगळल्याचे पत्र आले तोवर तो संगणक निर्लेखित झाला होता.