संगणकाची पुनर्मांडणी आणि मोखाड्याची कसोटी

संगणक मंद झाला, विषाणूंनी ग्रासला किंवा सुरूच होईनासा झाला, की ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि नवी प्रणाली बसवण्याची वेळ आणखी अनेकांवर आली. अशा वेळी छायाचित्रे, पत्रे, हिशेबाच्या फाइली बहुतेक जण आठवणीने बाजूला काढतात. विसरतात ती सेटिंग्ज, म्हणजे संगणक आपल्या हाताला सरावण्यासाठी वर्षानुवर्षे केलेली बारीकसारीक जुळवाजुळव.

शहरात या विसरभोळेपणाची किंमत फारशी जाणवत नाही. हवे ते सॉफ्टवेअर तासाभरात इंटरनेटवरून उतरवून घेता येते. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांत मात्र चित्र वेगळे आहे. तेथील अनेक पाड्यांवर मोबाइलचे जाळे आजही अपुरे आहे आणि मुसळधार पावसात वीज जाणे नित्याचे. शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश आणि त्यासाठी लागणाऱ्या दाखल्यांची गर्दी नेमकी याच जून-जुलैत असते. ग्रामपंचायतीचा, शाळेचा किंवा सेवा केंद्राचा एकुलता एक संगणक पुन्हा पूर्ववत व्हायला चार दिवस लागले, तर दाखल्यासाठी पाड्यावरून चालत आलेल्याला रिकाम्या हाताने परतावे लागते.

म्हणूनच पुनर्मांडणीपूर्वी प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा संगणक मोखाड्यात, भर पावसात, इंटरनेटशिवाय पुन्हा उभा करता येईल काय? या कसोटीला जे उतरत नाही, ते आधी जतन करावे.

फसवा पर्याय

विंडोजमधील ‘रीसेट’ सुविधेत ‘माझ्या फाइली ठेवा’ असा पर्याय असतो. त्यावर विसंबून अनेक जण निर्धास्त होतात. प्रत्यक्षात त्यात केवळ वैयक्तिक फाइली राहतात. आपण बसवलेली सॉफ्टवेअर्स आणि सेटिंग्ज पुसली जातात. पूर्वी विंडोज एक्सपीमध्ये आणि नंतर विंडोज ७ मध्ये फाइलींसोबत सेटिंग्जही दुसरीकडे नेणारी सोय अंगभूत होती. विंडोज १० मध्ये ती उरली नाही. नंतर आलेली ‘विंडोज बॅकअप’ ही सोय इंटरनेटवरील साठ्यावर अवलंबून आहे. म्हणजे आपल्या कसोटीला ती उतरत नाही. बाह्य हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह हाच भरवशाचा मार्ग ठरतो.

मराठीची शिदोरी

मराठीत काम करणाऱ्याने सर्वप्रथम फॉन्टकडे पाहावे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली जुनी कागदपत्रे आजही अनेक कार्यालयांत आहेत. त्यांत अक्षरे रोमन लिपीच्या संकेतांवर बसवलेली असतात. तो विशिष्ट फॉन्ट हरवला, तर जुना ठराव निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. फाइल शाबूत, पण मजकूर अगम्य! फॉन्ट सहसा विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात असतात. मात्र अलीकडच्या आवृत्त्यांत एखाद्या वापरकर्त्यापुरते बसवलेले फॉन्ट त्याच्या वैयक्तिक फोल्डरातही जातात. दोन्ही ठिकाणे तपासावीत.

युनिकोड वापरणाऱ्यांनीही गाफील राहू नये. ‘मंगल’ हा परिचित फॉन्ट विंडोज १० पासून ऐच्छिक संचात गेला आहे. मराठी भाषा जोडल्यावर तो इंटरनेटवरून उतरतो. तो नसेल तर अक्षरे दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतात खरी, पण तक्ते आणि पानांची रचना विस्कटते.

कळफलकाचेही तसेच. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये अंगभूत असल्याने त्याची चिंता नाही. पण अनेकांच्या बोटांत बसलेली ‘गूगल इनपुट टूल्स’ची विंडोजसाठीची आवृत्ती गूगलने मागे घेतली आहे. तिची स्थापना-फाइल आपल्याजवळ असेल, तर ती सोन्यासारखी जपावी. मुंबईच्या वेगवान इंटरनेटवरही ती अधिकृतपणे पुन्हा मिळणार नाही.

दडलेले फोल्डर

बहुतेक सॉफ्टवेअर्स आपली सेटिंग्ज ‘ॲपडेटा’ या फोल्डरात ठेवतात. तो सी ड्राइव्हमधील ‘युजर्स’मध्ये, आपल्या नावाच्या फोल्डरात असतो, परंतु लपवलेला असल्याने ‘हिडन आयटम्स’ ही खूण केल्याशिवाय दिसत नाही. त्यातील पुढील गोष्टी आवर्जून घ्याव्यात :

१. वर्डचा ‘नॉर्मल’ साचा. दाखले, ठराव, वनहक्क दाव्यांची पत्रे यांसाठी ठरवलेले समास आणि शैली त्यात असतात. स्वतंत्र साचे केले असल्यास तेही घ्यावेत.

२. वैयक्तिक शब्दकोश आणि आपोआप दुरुस्तीची यादी. खोडाळा, सूर्यमाळ, विनवळ, दाभोसा अशी गावांची नावे एकेक करून शब्दकोशात भरलेली असतील, तर तो खरा ऐवज आहे.

३. फायरफॉक्सचे ‘प्रोफाइल’. त्यात वाचनखुणा आणि जतन केलेले पासवर्ड दोन्ही येतात. क्रोम आणि एजचे पासवर्ड मात्र विंडोजच्या खात्याशी कुलूपबंद असतात. फोल्डरची नक्कल करून ते नव्या प्रणालीत उघडत नाहीत. ते ‘एक्स्पोर्ट’ करावे लागतात. ही फाइल साध्या मजकुराची असल्याने काम होताच कायमची पुसावी.

काही सॉफ्टवेअर्सची सेटिंग्ज विंडोजच्या ‘रजिस्ट्री’त असतात. तेथे त्या सॉफ्टवेअरमधीलच निर्यातीची सोय वापरावी. तीही नसेल, तर सेटिंग्जच्या पडद्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

विसरू नये असे

नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घ्यावा. तो नसेल, तर इंटरनेट लागत नाही आणि इंटरनेट नसेल, तर ड्रायव्हर मिळत नाही! छपाईयंत्र, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे उपकरण आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांचे ड्रायव्हरही सोबत असावेत. परवाना एका संगणकाला बांधलेला असेल, तर फॉरमॅटपूर्वी तो मोकळा करून घ्यावा. बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवावी. ती त्याच संगणकात ठेवणे म्हणजे घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणे.

शेवटी, प्रत घेतली म्हणजे काम संपले असे नाही. पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून एखादा जुना मराठी दस्तऐवज उघडून पाहावा. तो वाचता आला, तरच फॉरमॅटच्या बटणाकडे हात न्यावा. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. ती चुकवल्यास ज्याचा दाखला अडतो, त्याचा दिवस मात्र परत आणता येत नाही.