माहेरची भाषा, सासरची भाषा

आमच्या गावाचे नाव मूळचे आमचे नाही. 'नसीर' हा शब्द अरबी, 'आबाद' फारसी. इंग्रजी अमदानीत, १८८० साली, खानदेशचे गॅझेटियर छापले गेले, त्यात 'नसीराबाद' नावाचा एक अख्खा तालुकाच नोंदलेला आहे आणि आजचे ऐटबाज जळगाव त्या तालुक्यात मोडत असे. ही गोष्ट आम्ही गावकरी जळगावच्या पाहुण्यांना अजूनही सांगतो. पण सरकारने काहीही लिहिले, तरी गावातल्या माणसाने 'नसीराबाद' कधी म्हटले नाही. तो म्हणतो 'नशिराबाद'.

हा 'श' आला कोठून? मराठी जिभेची ती जुनी खोड आहे. 'इ'च्या आधी 'स' आला की तिला तो 'श' करावासा वाटतो. 'सिपाही'चा तिने शिपाई केला, 'सिक्क्या'चा शिक्का केला, 'सिफारस' आली तिची शिफारस केली. एखादा मौलवी म्हणेल, हा उच्चार चुकीचा. त्याच्या परीने ते खरेही आहे. परंतु गंमत अशी, की परके नाव आमचे झाले ते शुद्ध उच्चारल्याने नव्हे, आमच्या तोंडाला येईल तसे उच्चारल्याने. भाषा जन्माने लाभणे वेगळे आणि ती अस्खलित बोलता येणे वेगळे, हा भेद मला आमच्या गावाच्या वेशीवरच असा लिहिलेला दिसतो.

आपल्याकडच्या बायकांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. माहेर आणि सासर म्हटले की पुरे. सासरी सून सगळे रीतीने करते. पदर सावरून, शब्द तोलून वावरते. पाच-दहा वर्षांत ती इतकी तरबेज होते की घरच्या लेकींनीही तिच्याकडून शिकावे. तीच दिवाळीला माहेरी आली की माजघरात आडवी होते, मोठ्याने हसते, वाटेल ते बोलते. तेथे तिचे काही चुकत नाही, कारण चुका मोजायला तेथे कोणी बसलेले नसते. भाषेचेही असेच आहे. एक माहेरची आणि एक सासरची.

आमच्या खानदेशातच याचा एक जुना दाखला दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळ पाटणे म्हणून गाव आहे. थोर ज्योतिषी भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढला. त्या मठाला शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमारास, दान मिळाले, त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. लेखात कुळाची थोरवी आणि विद्येची कीर्ती संस्कृतात आहे. भाषा सराईत आणि अस्खलित आहे. परंतु शेवटी बाजारातल्या गिऱ्हाइकाने आणि विकणाऱ्याने मठाला काय द्यायचे, तेलाच्या घाण्यामागे किती द्यायचे, हे सांगायची वेळ येते आणि लेख एकदम मराठीत उतरतो! तेल्याला संस्कृत कळणार नव्हते हे एक कारण झालेच. पण मला वाटते, घाणा, तेल, देणे-घेणे या गोष्टी लिहिणाऱ्याच्या मनातही मराठीतच राहत होत्या.

त्याच शतकात याच्या उलटे घडले. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी हे परंपरेप्रमाणे गुजरातेतल्या भडोचचे. मराठी ही त्यांची शिकलेली, सासरची भाषा. तरीही त्यांनी उपदेश केला तो मराठीत आणि म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी जमवून 'लीळाचरित्र' रचले, तो मराठी गद्याचा पाया ठरला. पुढे पंथातले एक पंडित संस्कृतात ग्रंथ रचू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. त्यांचे म्हणणे एवढेच, की तसे केल्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या नागवल्या जातील. सून घरची मालकीण होते ती अशी. घर आपले म्हणण्याआधी ती घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी घेते.

आता तिसरा मासला पाहा. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द होते. या कामात त्यांना जॉर्ज आणि टॉमस या कँडी बंधूंची मदत होती. त्यांपैकी टॉमस कँडी पुढे पुण्यास सरकारी भाषांतरकार झाले. शाळेच्या पुस्तकांतले मराठी त्यांच्या नजरेखालून जाई, आणि मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. आज मी या वाक्याशेवटी पूर्णविराम देतो, त्यात या साहेबाचा वाटा आहे. त्यांचे उपकार मी मानतो. तथापि एक विलक्षण प्रकार यातून घडला. मराठी कोणती शुद्ध आणि कोणती अशुद्ध, हे ठरवण्यात ज्याची आई मराठी बोलत नव्हती अशा गृहस्थाचा हात राहिला. आणि जिच्या सात पिढ्या मराठीच बोलत आल्या, ती आमची आजी अशुद्ध ठरली!

आमच्या आजीची बोली लेवा गणबोली. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात ती बोलली जाते. तिच्यात डोळ्याचा 'डोया' होतो, काळ्याचा 'काया' होतो; 'मला' नसते, 'मले' असते; पाण्याचे 'पानी' आणि विठ्ठलाचा 'इठ्ठल'. पश्चिमेकडे धुळ्याच्या बाजूला गेले की अहिराणी लागते, तिच्यात 'आहे'ला 'शे' म्हणतात. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशी बोली मराठीबरोबर न ठेवता भिल्ल भाषांच्या शेजारी बसवली आहे. विद्वानांनी कोठेही बसवावे. आम्हाला तिच्यातच भूक लागत होती.

पण शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात 'मले' म्हटल्याबद्दल पट्टी बसली. आमच्या वर्गातली निम्मी मुले त्यानंतर उत्तर ठाऊक असूनही हात वर करीनात. शहरातल्या मुलाला शाळेत फक्त अक्षरे शिकायची असतात. आम्हाला अक्षरांबरोबर तोंडही बदलायचे होते. मी ते बदलले. पुण्यामुंबईच्या सभांत माझे गाव कोणाला ओळखू येत नाही. प्रमाणभाषा मला परकी वाटत नाही, तिने मला अन्न दिले आहे. पण ती सासरच.

साकेगावजवळ वाघूर ओलांडली की भुसावळ. तेथे रेल्वेमुळे साऱ्या हिंदुस्थानची माणसे येतात. तेथले एक तमिळ अधिकारी आमच्या वडिलांचे स्नेही होते. त्यांचे मराठी असे, की आम्ही पोरे शुद्धलेखनाची शंका त्यांना विचारीत असू. एकदा ते घरी येऊन गेल्यावर आजी म्हणाली, "मानूस गुनाचा हाये, पन पुस्तकावानी बोलतो." तिने दोष काढला नव्हता, फरक तेवढा सांगितला होता. पुढे ते आजीशी बोलताना 'मले', 'तुले' म्हणू लागले. पहिल्या दिवशी आम्ही हसलो, आजी मात्र हसली नाही. तिने त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

आणि याच मातीत बहिणाबाई झाल्या. १८८० साली आसोद्यात जन्म, जळगावच्या चौधरींच्या घरी सासर, अक्षरओळख नाही. शेतात आणि जात्यावर त्या गाणी म्हणत. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी त्यांतली काही उतरून घेतली. १९५१ साली त्या गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही भीतभीत आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने निघाली. ज्या बोलीसाठी आमच्या हातावर पट्टी बसली, ती मग पाठ्यपुस्तकात आली. मास्तर ती फळ्यावर लिहून तिचा अर्थ सांगू लागले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव दिले गेले. निरक्षर बाईच्या नावाचे विद्यापीठ! बहिणाबाईंना प्रमाण मराठी अस्खलित बोलता आली असती का? मला शंका आहे. पण शब्द अडला तर त्या नवा घडवीत आणि तो खरा ठरे. अस्खलित बोलणारा नियम मोडीत नाही, आणि मोडला तर ती चूक होते. जन्माचा बोलणारा नियम मोडतो, तेव्हा पुष्कळदा भाषा वाढते.

मग सासरच्या माणसाला हा अधिकार कधीच मिळत नाही काय? मिळतो. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांची घरची भाषा मराठी. पण त्यांनी गुजरातीत असे लिहिले, की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. सून मालकीण होऊ शकते. मला भय आहे ते याच्या उलट गोष्टीचे. लेकीचे माहेर तुटू शकते.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. माझी नात पुण्यात वाढते. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ती न अडखळता बोलते, आणि मला तिचे कौतुक आहे. परवा मी तिला म्हटले, "डोया पूस." ती माझ्याकडे पाहत राहिली. माहेर रक्ताने मिळत नाही. ते रोज कोणीतरी तोंडाने उघडे ठेवावे लागते. दर्जा सरकार देते, व्याकरण पंडित देतात, सफाई शाळा देते. 'मले' मात्र आजीच देऊ शकते, आणि तेही नातवंड मांडीवर बसण्याच्या वयाचे आहे तोवरच.

म्हणून या दिवाळीत लेकीसुना घरी येतील, तेव्हा फराळाच्या ताटाभोवती निदान चार दिवस कोणी कोणाचे बोलणे सुधारू नये. ज्याच्या तोंडी जे येईल ते येऊ द्यावे. मुले ऐकत असतातच.