स्वभाव आणि आरोग्य : एका वादाचा इतिहास



'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे आणि दुसऱ्याविषयी बोलताना वापरलीही आहे. चिता मेलेल्याला जाळते, चिंता जित्याला जाळते, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्वभावाचा आणि प्रकृतीचा काही संबंध असला पाहिजे, ही समजूत फार जुनी. आयुर्वेदाने वात, पित्त, कफ या प्रकृती सांगितल्या. ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार रसांवरून चार स्वभाव मानले. विसाव्या शतकात या समजुतीला आकड्यांचे रूप आले. ते कसे आले आणि त्याचा उपयोग कोणी करून घेतला, एवढाच आज माझा विषय आहे.

मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. जे वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. या विषयाकडे मला एका कागदाने वळविले. एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एका कामगाराची दोन बोटे गेली. चौकशीच्या अहवालात कारण नोंदविले होते : 'कामगाराचा चंचल स्वभाव.' तो मनुष्य त्या दिवशी सलग दुसरी पाळी करीत होता आणि प्रेसची संरक्षक जाळी काढून ठेवलेली होती, हे त्या कागदावर कोठेच नव्हते. तेव्हापासून 'स्वभाव' हा शब्द दिसला की तो कोणी लिहिला, हे मी आधी पाहतो.

स्वभावाचे माप काढणाऱ्यांत हान्स आयसेंक हे मोठे नाव. १९१६ साली बर्लिनमध्ये जन्मलेला हा मनुष्य हिटलरच्या राजवटीत १९३४ साली जर्मनी सोडून गेला आणि पुढे लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ झाला. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या मिल हिल भागातील रुग्णालयात मनाने खचलेले सैनिक येत. अशा ७०० सैनिकांच्या नोंदींचे त्याने गणित मांडले आणि १९४७ साली ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, स्वभावाच्या मुख्य रेषा दोन. एक अंतर्मुख ते बहिर्मुख. दुसरी न्यूरॉटिसिझमची, म्हणजे आपल्या भाषेत चिंतातुरपणाची. लहानशा गोष्टीने जीव कासावीस होणे, झोप उडणे, मन एकदम चढणे आणि एकदम पडणे, हे ज्याला अधिक तो या रेषेवर वर. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर द्यावयाच्या साध्या प्रश्नांनी हे मोजता येते, हे त्याने दाखविले. हे काम टिकले आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

त्याच सुमारास त्याच देशात दुसरा एक हिशोब चालू होता. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. १९५१ पासून त्यांनी सुमारे ४०,००० ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. सिगारेट कारखानदारांपुढे मोठाच पेच पडला.

या पेचात आयसेंकचा सिद्धान्त त्यांच्या कामी आला. १९६२ साली ग्लासगोचे छातीच्या विकारांचे डॉक्टर डेव्हिड किसेन यांच्यासह त्याने लिहिले की, फुप्फुसाच्या कर्करोगाचे रोगी चिंतातुरपणाच्या मापावर उलट खाली भरतात. ते भावना गिळून टाकणारे असावेत. १९६५ साली त्याने पुस्तकच काढले. त्यातील युक्तिवाद असा : माणूस जन्मतः ज्या घडणीचा असतो, तीच घडण त्याला सिगारेटकडे नेते आणि तीच कर्करोगाकडेही नेत असेल. म्हणजे दोष धुराकडून माणसाच्या घडणीकडे सरकला! त्याच्या संशोधनाला सिगारेट उद्योगाचा पैसा मिळत होता, हे पुढे उघड झाले. पैसा कोण देतो याला महत्त्व नाही, अशी त्याची भूमिका होती.

१९८० नंतर हायडेलबर्गच्या ग्रोसार्थ-माटिचेक या संशोधकाबरोबर त्याने याहून मोठे दावे केले : अमुक स्वभावाची माणसे कर्करोगाने कितीतरी पटींनी अधिक मरतात, आणि थोड्या तासांच्या संभाषण-उपचाराने ती वाचतात. १९९२ साली अँथनी पेलोसी आणि लुई ॲपल्बी यांनी या आकड्यांवर उघड शंका घेतली. आयसेंक १९९७ साली वारला. २०१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजने चौकशी करून त्या दोघांचे २६ निबंध विश्वासार्ह नाहीत असे ठरविले. शंकेपासून निकालापर्यंत २७ वर्षे गेली.

डॉलच्या नोंदवह्यांनी मात्र निकाल स्वच्छ दिला. २००४ साली ५० वर्षांचा हिशोब प्रसिद्ध झाला. सिगारेट न सोडणारा सरासरी दहा वर्षे आधी मरतो. पन्नाशीत सोडणाऱ्याला सुमारे सहा वर्षे परत मिळतात. सिगारेट सोडल्याने माणसाची जन्मजात घडण बदलत नाही. रोगाचे मूळ त्या घडणीतच असते, तर ही सहा वर्षे कोठून आली?

हृदयविकाराची कथाही पाहा. १९५९ साली अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी तो सदा घाईत असणाऱ्या, चढाओढीच्या स्वभावाशी जोडला. तो बड्या साहेबांचा रोग, असा समज तर होताच. पण १९६७ पासून लंडनच्या व्हाइटहॉल भागातील १७,००० हून अधिक सरकारी नोकरांची पाहणी झाली, तेव्हा उलटेच दिसले. खालच्या पायरीवरचे निरोपे आणि द्वारपाल हृदयविकाराने वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट मरत होते. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्री-पुरुष होते. तीत आढळले की, आपले काम कसे व केव्हा करावे यावर ज्याचा स्वतःचा ताबा कमी, त्याला धोका अधिक.

मग स्वभाव काहीच नव्हे काय? तसे मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९२१ पासून सुमारे १,५०० हुशार मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यांत लहानपणी जी जबाबदारीने वागणारी होती, ती अधिक जगली. आणि २०१७ साली ब्रिटनमधील तीन लाखांवर लोकांच्या पाहणीत एक गंमत आढळली. एरवी चिंतातुर माणसे थोडी लवकर मरताना दिसत. पण ज्यांची प्रकृती यथातथाच होती, त्यांच्यात चिंतातुर माणसेच किंचित अधिक टिकली. दुखणे अंगावर न काढता ती वेळेवर डॉक्टरकडे जात असावीत! म्हणजे स्वभाव हा शाप नव्हे. तो कोणत्या परिस्थितीत सापडतो, यावर बरेच अवलंबून असते.

शेवटी एक कबुली देतो. आमचा एक सहकारी हृदयविकाराने गेला. शोकसभेत मीच म्हणालो, 'प्रत्येक गोष्ट मनाला लावून घ्यायची, हा त्याचा स्वभावच होता.' सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याने अकरा वर्षे रात्रपाळी केली होती आणि ती बदलून मिळावी म्हणून त्याने दिलेले तीन अर्ज आमच्याच कचेरीत पडून होते. त्या अहवाल लिहिणाऱ्याने जे केले, तेच मी केले. फक्त मी ते हळहळून केले. ते वाक्य आज मी परत घेतो.