अलिबागमध्ये घरे वाढत आहेत, मग गावकऱ्याला घर का मिळत नाही?

अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे मुख्यालय. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साधारण २० हजार आहे. मात्र घरांच्या बाजारात 'अलिबाग' म्हटले की मांडव्यापासून सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली, आक्षी, नागाव, चौल, रेवदंड्यापर्यंतची सगळी किनारपट्टी धरली जाते. या पट्ट्यात दरवर्षी नवे बंगले उभे राहतात. तरीही तिथेच जन्मलेल्या तरुणाला वेगळे घर बांधायचे झाले, तर जागा मिळणे कठीण जाते. हे केवळ महागाईमुळे होत नाही. त्यामागे जमिनीचे कायदे, किनाऱ्याचे नियम आणि गावाचा हिशेब ठेवण्याची पद्धतही आहे.

कसणाऱ्याची जमीन

या तालुक्यात जमिनीचा प्रश्न नवा नाही. खोती पद्धतीविरुद्ध चरी गावातील शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषकदिनी' कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली.

कुळकायद्याने मिळालेली जमीन विकण्यासाठी कलम ४३ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत असे. २०१४ च्या दुरुस्तीने ही अट सैल झाली. जमीन मिळून १० वर्षे झाली असतील, तर आकारणीच्या ४० पट रक्कम भरून, काही अटींवर, ती परवानगीशिवाय विकता येऊ लागली. आजोबांनी लढून मिळवलेली शेती नातवाला विकणे त्यामुळे सोपे झाले.

मुंबई जवळ आली

मुंबईहून रस्त्याने अलिबाग साधारण १०० किलोमीटर आहे, पण समुद्रमार्गे गेटवेहून मांडवा तासाभरात गाठता येतो. ही लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारीसह येणे शक्य झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्यांसाठी अलिबाग आणखी सोयीचे झाले. प्रवासाचा वेळ जसजसा घटतो, तसतसा जमिनीचा भाव शेतीच्या उत्पन्नाशी नाते तोडतो आणि मुंबईच्या मिळकतीशी जोडला जातो.

जमीन कोणाला घेता येते?

कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकरीच विकत घेऊ शकतो. इतरांना परवानगी लागते. पण या तरतुदीत शेतकरी स्थानिक असावा, अशी अट नाही. राज्यात दुसरीकडे कुठेही शेतजमीन असलेली व्यक्ती किहीमची वाडी घेऊ शकते. शिवाय जमीन बिनशेती झाली की ही अट लागू राहत नाही. म्हणून मोठे क्षेत्र घ्यायचे, बिनशेती करायचे, आखणी करून भूखंड पाडायचे, हा इथला रूढ व्यवसाय आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंड प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते.

स्थानिक माणसाची गरज याच्या उलट असते. त्याला एक-दोन गुंठेच हवे असतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. पण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याच्या विक्रीवर बंधने घातली. शेतीचे फार लहान तुकडे होऊ नयेत, हा त्याचा हेतू होता. कायद्यात वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या, तरी अनेक वर्षे चित्र असेच राहिले: एकरभर घेणाऱ्याचा मार्ग मोकळा आणि दोन गुंठे घेणाऱ्याचा व्यवहार अडलेला. बिनशेती भूखंड कायदेशीर मिळतो, पण त्याचा भाव मुंबईकराला डोळ्यांसमोर ठेवून ठरलेला असतो.

कोळीवाड्याची अडचण

किनाऱ्यावरील बांधकामावर १९९१ पासून सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची बंधने आहेत. २०११ आणि २०१९ मध्ये ही अधिसूचना नव्याने काढण्यात आली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा सामान्यतः बांधकामासाठी बंद असतो. २०१९ च्या नियमांत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी तो ५० मीटरवर आणला आहे.

हे नियम मोडून बांधलेल्या बंगल्यांवर कारवाई होते. किहीम येथील नीरव मोदी याचा बंगला मार्च २०१९ मध्ये स्फोटके लावून पाडण्यात आला. पण हेच नियम कोळीवाड्यालाही लागू पडतात. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. प्रश्न 'अधिकृत' या शब्दाचा आहे. पिढ्यान्पिढ्या राहत असूनही अनेक घरांना मालकीचा कागद नसतो. जाळी विणायची, मासळी वाळवायची आणि होड्या ओढून ठेवायची जागा तर सगळ्यांची असते, म्हणजे कागदावर कोणाचीच नसते. किनाऱ्याकडे जाणारी पायवाट कुंपणात गेली की बंगल्याच्या मालकाला खासगीपणा मिळतो आणि कोळणीला टोपली घेऊन वळसा पडतो.

या अधिसूचनेत एक महत्त्वाची तरतूद आहे. मच्छीमार गावे, त्यांच्या सामाईक जागा आणि मासळी वाळवण्याच्या जागा नकाशावर दाखवायच्या आणि मच्छीमारांच्या दीर्घकालीन घरांच्या गरजेसाठी राज्यांनी सविस्तर आराखडे करायचे, असे त्यात म्हटले आहे. नकाशावर जागा दिसली नाही, तर ती वाचवणे कठीण होते.

ज्यांच्याकडे जमीनच नाही

रायगडमधील अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. जमिनीला भाव नव्हता, तोवर कोणी हरकत घेतली नाही. भाव आल्यावर तिथून उठवले जाण्याची भीती वाढली. घरकुल योजनेचा लाभ घ्यायला आधी जागा लागते. जागा घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना ५०० चौरस फुटांपर्यंत अर्थसाहाय्य देते. सुरुवातीला ते ५० हजार रुपयांपर्यंत होते, नंतर एक लाख करण्यात आले. किनाऱ्यालगत या पैशांत जागा मिळणे अवघड आहे. त्यामुळे घर मिळालेच, तर ते कामापासून लांब मिळते.

कुलूप लावलेल्या घरांचा गावावर परिणाम

बंगल्यांमुळे रोजगार येतो, हे खरे आहे. गवंडी, सुतार, माळी, रखवालदार, रिक्षावाले, खानावळी यांना काम मिळते. वाडीतच दोन खोल्या काढून पर्यटकांना घरगुती जेवण देणारी कुटुंबेही आहेत. जमीन न विकता कमाई करण्याचा हा मार्ग आहे.

दुसरी बाजू हिशेबाची आहे. ग्रामपंचायतीला मिळणारे वित्त आयोगाचे अनुदान मुख्यतः जनगणनेतील लोकसंख्येवर ठरते. शनिवारी येणारे कुटुंब त्या संख्येत नसते, पण पाणी, कचरा आणि रस्ता त्यालाही लागतो. तरणतलावासाठी आणि हिरवळीसाठी पाणी उपसले जाते, तेव्हा किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होण्याचा धोका वाढतो. ज्या आळीत बहुतेक घरे कुलूपबंद असतात, तिथे शाळेचा पट, दुकानाचा रोजचा धंदा आणि गणपतीतल्या आरतीची गर्दी, सगळेच कमी होते.

उपाय काय?

हा प्रश्न जगातल्या अनेक किनारी गावांत आहे. इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज या मासेमारीच्या जुन्या गावात २०१६ मध्ये लोकांनी मतदानाने नियम मंजूर केला: यापुढे बांधले जाणारे घर मुख्य निवास म्हणूनच वापरायचे. मात्र जुन्या घरांना तो लागू नसल्याने सुट्टीसाठी घर शोधणारे तिकडे वळले, अशी टीका झाली. केवळ बंदीने भागत नाही, स्थानिकांसाठी परवडणारी घरेही बांधावी लागतात, हा त्यातला धडा आहे.

आपल्याकडे काही साधने आधीच आहेत. गावठाणाची हद्द वाढवता येते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका दिली जाते. ग्रामसभा सामाईक जागांची यादी करून त्या नकाशावर आणण्याची मागणी करू शकते. अलिबागमध्ये जमीन घेणाऱ्यानेही सातबाऱ्यावरील भोगवटादार वर्ग, 'इतर हक्क' आणि कुळाची नोंद पाहावी, सीआरझेडचा नकाशा तपासावा आणि त्या जमिनीतून गावाची वाट जाते का, हे गावात विचारावे. वहिवाटीची प्रत्येक वाट सातबाऱ्यावर सापडतेच असे नाही.