कोलारचे पहिले सोने

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कुठल्याही संगणकाच्या आत, जोडांवर आणि चिपच्या टोकांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. सोने गंजत नाही आणि वीज उत्तम वाहून नेते, म्हणून. कोलारची बंद पडलेली सोन्याची खाण या वसाहतीपासून शंभर किलोमीटरही लांब नाही. कोलार म्हटले की तीन किलोमीटरहून खोल गेलेले बोगदे आठवतात. पण या खाणीचे मूळ वरच्या मातीत आहे आणि ती माती धुणाऱ्या माणसांत आहे. त्यांचे नाव कुठल्याच रस्त्याला मिळाले नाही, म्हणून त्यांच्याबद्दल इथे आधी सांगायला हवे.

कोलारचा पट्टा सुमारे ८० किलोमीटर लांब आणि जेमतेम काही किलोमीटर रुंद. खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने. जमिनीखालच्या गरम पाण्याने त्यांच्या भेगांत गारगोटीच्या शिरा भरल्या आणि त्यांतच सोने बसले. पुढे ऊन-पावसाने शिरांची माथी झिजली, गारगोटी फुटली आणि सोन्याचे कण मातीत सुटे झाले. मोठ्या नद्यांच्या प्रदेशात असे कण वाहत जाऊन वाळूत साठतात. कोलारच्या पठारावर त्यांना वाहून नेणारे फारसे पाणी नव्हते, म्हणून ते शिरेच्या आसपासच राहिले. ही माती सोन्याने अगदीच गरीब; पण खाली शीर आहे, हे सांगणारी.

ते सांगणे गावकऱ्यांना आधीच कळले होते. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर राज्याच्या पूर्व सीमेची मोजणी करणारा लेफ्टनंट जॉन वॉरन १८०२ मध्ये इथे आला. सोन्याच्या वदंता त्याने ऐकल्या आणि सोने दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. उरिगामचे गावकरी मातीने भरलेल्या बैलगाड्या घेऊन आले आणि त्याच्यासमोर माती धुऊ लागले. सोने गारगोटीच्या सातपट जड. पाण्यात हेलकावे दिले की हलकी माती वाहून जाते, तळाला काळी वाळू उरते आणि तिच्यात पिवळा कण दिसतो. आपल्या सराफकट्ट्यावर दुकानांपुढची धूळ धुणारे झारेकरी याच गुणावर पोट भरत आले. वॉरनच्या हिशेबाने सुमारे ५६ किलो मातीतून एक ग्रेन, म्हणजे ६५ मिलिग्रॅम सोने निघाले.

मारिकुप्पम गावी तर लोक जमिनीखालीही उतरत होते. दगड टोपल्यांतून हातोहात वर येत, बायका ते खडकावर कुटून भुकटी करत आणि मग तीही तशीच धूत. म्हणजे मातीतल्या कणापासून शिरेपर्यंतची वाट गावकऱ्यांनीच काढली होती. वॉरनने ती लिहून ठेवली, एवढे श्रेय त्याचे.

नंतरच्या साहेबांचे प्रयत्न फसले. भूमिगत खोदाईत अपघात होऊ लागले, तेव्हा १८५९ मध्ये सरकारने ती बंद केली. वॉरनचा अहवाल वाचून १८७१ मध्ये बंगळूर छावणीतून मायकेल लव्हेल कोलारकडे निघाला. न्यूझीलंडच्या युद्धातून परतलेला हा आयरिश सैनिक. त्याला १८७५ मध्ये परवाना मिळाला. भांडवल अपुरे पडल्याने हक्क दुसऱ्यांकडे गेले आणि १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली. लव्हेलच्या नावाचा रस्ता बंगळुरात आजही आहे.

त्या खाणीने बंगळूरच्या आधी वीज पाहिली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या वीजकेंद्रातून वीज थेट कोलारला पोचली. शहराला ती मिळाली १९०५ मध्ये. मला हे वाचताना नेहमी वाटते की १९७८ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटी उभारणाऱ्या राज्याच्या विजेच्या इतिहासाची सुरुवात कोलारपासून करायला हवी.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. तोवर आठशे टनांहून अधिक सोने निघाले होते. मागे राहिले ते दळलेल्या दगडाचे, सायनाइडची प्रक्रिया झालेले ढिगारे. त्यांची धूळ वाऱ्याबरोबर कामगारांच्या वस्तीवर पसरत राहिली. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने अशा १३ ढिगाऱ्यांतून उरलेले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. त्यांत सुमारे ३ कोटी ३० लाख टन भुकटी आहे. ज्या वस्तीने ही धूळ श्वासात घेतली, तिचा वाटा या सोन्यात किती धरणार, हे प्रस्तावाच्या कागदावर आकड्यात लिहिलेले असले पाहिजे.