पासपोर्टावरचा शिक्का: साउथहॉलच्या स्त्रियांचा लढा

पश्चिम लंडनमधील साउथहॉल ही मुख्यतः पंजाबी स्थलांतरितांची वस्ती. एप्रिल 1979 मध्ये नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाच्या सभेविरुद्ध तेथे निदर्शने झाली, त्यांत ब्लेअर पीच हा शिक्षक बहुधा पोलिसाच्याच आघाताने दगावला, आणि त्याच वर्षी आशियाई व आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांनी ‘साउथहॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संघटना उभारली. येथे ‘ब्लॅक’ म्हणजे त्वचेचा रंग नव्हे, तर वर्णद्वेष सोसणाऱ्या समाजांची राजकीय एकजूट. या स्त्रियांनी नवऱ्याच्या मारहाणीविषयी उघडपणे बोलायला सुरुवात केली, तेव्हा घरचे चव्हाट्यावर आणून वर्णद्वेष्ट्यांच्या हाती आयतेच कोलीत देता, असा ठपका समाजातील पुढाऱ्यांनी ठेवला. दुसरीकडे सरकारी यंत्रणेला ही त्या समाजाची ‘संस्कृती’ वाटे, म्हणून ती हस्तक्षेप टाळी. पीडितेची कोंडी अशी दोन्हीकडून होत असे.

मूळच्या पंजाबच्या आणि लग्न होऊन ब्रिटनमध्ये आलेल्या किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षांच्या छळानंतर, 1989 मध्ये, झोपलेल्या नवऱ्याला पेटवले आणि त्यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. चिथावणीचा बचाव मिळण्यासाठी तोल ‘अचानक’ सुटलेला असावा, अशी तेव्हाच्या कायद्याची अट होती. वर्षानुवर्षे साचलेली भीती त्या अटीत बसत नव्हती. संघटनेने मोहीम चालवली, 1992 मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला, आणि मनःस्थितीच्या आधारे सदोष मनुष्यवधाची कबुली मान्य होऊन त्या सुटल्या. ‘अचानक’ ही अट 2009 च्या कायद्याने गेली.

मात्र खरी बेडी पासपोर्टावर होती. लग्नानंतर ब्रिटनमध्ये आलेल्या स्त्रीला पहिले एक वर्ष (2003 पासून दोन वर्षे) तात्पुरता परवाना मिळे आणि शिक्क्यावर ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ असे नमूद असे. याचा अर्थ असा की तिला घरभाड्याचा सरकारी भत्ता मिळत नसे, आणि निवारागृहांचा खर्च बहुतांशी त्याच भत्त्यावर चालत असल्याने पैशांअभावी तिला अनेकदा दारातूनच परत पाठवले जाई. नवऱ्याला हे पक्के ठाऊक असे. पोलिसांकडे गेलीस तर मायदेशी धाडीन, या त्याच्या धमकीला कायद्याचेच बळ होते.

1999 मध्ये सरकारने छळ सिद्ध करणाऱ्या स्त्रीला कायम राहू देण्याची सवलत दिली, पण पुरावा म्हणून न्यायालयाचा मनाई आदेश, शिक्षेचा निकाल किंवा पोलिसांची औपचारिक ताकीदच चाले. घराबाहेर एकटी न सोडली जाणारी, इंग्रजी न येणारी सून हे कागद आणणार कोठून? 2002 मध्ये डॉक्टरांचा अहवाल व निवारागृहाचे पत्रही ग्राह्य ठरले, आणि 2012 पासून अर्ज प्रलंबित असताना तीन महिने भत्ता मिळू लागला. तो केवळ जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना होता. विद्यार्थिनी, पर्यटक म्हणून आलेल्या वा परवाना संपलेल्या स्त्रिया त्याबाहेर राहिल्या, आणि 2021 च्या कौटुंबिक छळविरोधी कायद्यात त्यांना सामावून घेणारी दुरुस्ती हाउस ऑफ लॉर्ड्सने संमत करूनही कनिष्ठ सभागृहाने फेटाळली.